सहा मेंढ्या आबांच्या कंट्रोलमध्ये

डॉक्टरबाईंनी खडू घेऊन मेंढवाड्याच्या दारावर दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या चाळीस दिवसांचा घोळ तिथेच जन्माला आला. पहिली ओळ होती, 'चूर्ण गट : सहा मेंढ्या : सूनबाई.' दुसरी होती, 'कंट्रोल गट : सहा मेंढ्या : आबा.'

आबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि दुसरी ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे कंट्रोल माझ्याकडे?"

"हो, कंट्रोल तुमच्याकडे." डॉक्टरबाई गाडीला किक मारत होत्या. त्यांना पुढे एका अडलेल्या गाईकडे पोहोचायचं होतं. "चाळीस दिवस लक्ष ठेवा. काही बदल होऊ द्यायचा नाही."

"ते मला सांगायला नको," आबा म्हणाले. "चाळीस वर्षं दुसरं काय केलं?"

आबांची धाकटी सून, जिला घरात सगळे धाकटीच म्हणत, कडेवर दहा महिन्यांची लेक घेऊन शेजारीच उभी होती. कंट्रोल गट म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरबाईंनी दिलेलं माहितीपत्रक तिने लेकीला पाजता पाजता तीनदा वाचलं होतं. ज्यांना चूर्ण अजिबात द्यायचं नाही त्या मेंढ्यांचा तो गट. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय चूर्णाचा गुण कळत नाही. हे आबांना सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. आपल्या मेंढ्या नुसत्या ताडून बघायला उभ्या केल्यात हे कळलं असतं, तर आबांनी सहाही मेंढ्या तिथल्या तिथे परत ओढल्या असत्या. त्यापेक्षा त्यांना साहेब झाल्यासारखं वाटतंय तर वाटू दे, असा तिने विचार केला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ उघडली तेव्हा आत ओवा निघाला, पण ते पुढचं.

भाग कोरडा. वर्षातले आठ महिने तिथे गवत नावालाही नसायचं. मेंढ्या वाळली काडं चघळायच्या, पाणी प्यायच्या आणि सावली शोधायच्या. उन्हाळा टिपेला पोहोचला की त्या नुसत्या लोकरीवर उभ्या असल्यासारख्या दिसायच्या. गेल्या उन्हाळ्यात सात कोकरं गेली होती. आयांना दूधच नव्हतं. त्यांतलं शेवटचं धाकटीने मांडीवर घेऊन बाटलीने पाजायचा प्रयत्न केला होता. तेव्हा तिला सातवा महिना होता. कोकरू बाटली तोंडात धरायचं आणि चोखायचं विसरायचं. त्यानंतर लेक झाली, मांडीवर आली, पहिल्याच दिवशी दूध चोखू लागली, आणि धाकटीला त्या आनंदातही ते कोकरूच आठवलं. पुढच्या उन्हाळ्यात एकही जाऊ द्यायचं नाही, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं. ती एकदा ठरवलं की ठरवलं, अशातली होती. लग्नाआधी तिची आई याला हट्ट म्हणायची, आता नवरा नशीब म्हणायचा.

डॉक्टरबाईंनी उपाय सांगितला होता तो अगदी साधा. मेथ्या, ओवा, सुंठ आणि वाळवलेला शेवग्याचा पाला यांचं चूर्ण करायचं आणि दर मेंढीला रोज दहा ग्रॅम भरड्यातून द्यायचं. "जादू नाही हं," त्यांनी बजावलं होतं. "पण वाळला चारा पचायला मदत होते, भूक लागते. खाल्लेलं अंगी लागलं तर दूधही उतरेल."

अडचण एकच होती. चाराखोलीची किल्ली आबांच्या गळ्यातल्या दोऱ्यात असायची आणि आबांचं मत असं की मेंढी ही मेंढी आहे, बाळंतीण नव्हे.

"मसाले खाऊन मेंढ्या वाढायला लागल्या तर मी कुकरमध्येच मेंढ्या पाळीन," ते म्हणाले होते.

"पैज लावा मग."

"कसली?"

"माझ्या सहा, तुमच्या सहा. चाळीस दिवसांनी वजन. माझ्या जास्त वाढल्या तर कोकरं होऊन मोठी होईपर्यंत किल्ली माझ्याकडे. कळपाला काय घालायचं ते मी ठरवणार."

"आणि नाही वाढल्या तर?"

"तर मी पुन्हा मेंढवाड्यात तोंड घालणार नाही."

"बरोबरी झाली तर?"

धाकटीने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तरी किल्ली तुमचीच."

आबांनी आपल्या मुलाकडे पाहिलं. धाकटीचा नवरा वेल्डिंगचं काम करायचा. घरात दोन पक्ष पडले की तो वेल्डिंगचा काळा चष्मा लावायचा, म्हणजे कोणाकडे बघतोय ते कळत नसे. तसाच चष्मा लावून तो म्हणाला, "मी वजनाचा पिंजरा करून देतो." आणि खरंच दिला. तराजूला टांगलेला, पुढून मेंढी आत, मागून बाहेर. पहिल्या दिवशी बाराही मेंढ्यांची वजनं झाली, सहांच्या पाठीवर निळा पट्टा आला, सहांच्या पाठीवर तांबडा. निळ्या धाकटीच्या, तांबड्या आबांच्या.

दुसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचा सदरा घालून मेंढवाड्यात हजर.

"कुठे निघालात?" सासूबाईंनी विचारलं.

"कामावर."

"मेंढ्यांत? इस्त्री करून?"

"अगं, मला कंट्रोल नेमलंय. सरकारी डॉक्टरीण स्वतः दारावर लिहून गेली. काही मान आहे की नाही पदाला?"

आठवडाभरात ही नेमणूक गल्लीभर झाली. न्हाव्याकडे दाढी करताना आबा सांगायचे, "दोन्हीकडचं आपल्यालाच बघावं लागतं. कंट्रोल म्हटल्यावर!" न्हाव्याने मान डोलावली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलं की आबांकडे आता बाराशे मेंढ्या आहेत.

धाकटी पदराआड हसायची आणि कामाला लागायची. पहाटे लेक उठायच्या आत चूर्ण तोलायचं, भरड्यात कालवायचं, निळ्या सहांना वेगळं घालायचं. अंगाला मेथ्यांचा असा वास लागला की लेक दूध पिता पिता मध्येच थांबून आईकडे बघायची. अडीच किलोंचा डबा भरून ठेवला होता. सहा मेंढ्या, दहा ग्रॅम, चाळीस दिवस. वर शंभर ग्रॅम उरायला हवं. तिने दोनदा गुणाकार केला होता.

पंधराव्या दिवशी डब्यात सहाशे ग्रॅम उरलं होतं.

धाकटीने डबा हलवला. पुन्हा तोलला. काटा खोटं बोलत नव्हता. घरात मोठी माणसं चार. नवऱ्याला ओव्याच्या वासाने शिंका यायच्या, म्हणजे तो सुटला. आबा तर चूर्णाचं नाव काढलं तरी नाक मुरडायचे. उरल्या सासूबाई, आणि सासूबाईंना वाताचा त्रास होता.

भांडी घासायला दोघी शेजारी बसल्या असताना धाकटीने लांबून सुरुवात केली. "आई, हल्ली पोटात गुबारा धरतो का हो तुमच्या?"

"धरतो. का?"

"काही नाही, सहज. ओवा-सुंठ वगैरे काही घेता का?"

सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "सहज म्हणून कोणी सासूच्या पोटात शिरत नाही. सरळ बोल."

"डब्यातलं चूर्ण निम्म्याहून कमी झालंय."

"आणि ते मी खाल्लं."

"मी असं कुठे म्हटलं?"

"तू गुबारा म्हटलास. मेंढीच्या तोंडचं काढून खाणारी वाटले का मी तुला?"

पुढचे कित्येक दिवस सासूबाई धाकटीशी फक्त लेकीमार्फत बोलत होत्या. "सांग तुझ्या आईला, दूध उतू चाललंय." दहा महिन्यांची लेक दोघींकडे आळीपाळीने बघायची आणि टाळ्या वाजवायची. घरात भांड्यांचा आवाज तेवढा वाढला.

या गडबडीत धाकटीच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठणारे आबा हल्ली ताट पुसून घेत होते, आणि वर विचारत होते, "अजून आहे का गं?"

धाकटीने आणखी अडीच किलो चूर्ण केलं. दंड दुखेपर्यंत कुटलं, पाठीला झोळीत लेक, आणि प्रत्येक घावाला लेक मागून हुंकार भरतेय. या वेळी डबा तिने स्वयंपाकघरात ठेवलाच नाही. लेकीच्या दुपट्यांच्या ट्रंकेत, तळाशी लपवला. तिथे कोण बघणार? दुपारी आबा नातीला खेळवायला ट्रंकेवर बसायचे तेवढंच. आणि आबांवर संशय घ्यायचा तर मग चंद्रावरच घ्यायचा.

ट्रंकेचा व्हायचा तोच परिणाम झाला. चार दिवसांत सगळ्या दुपट्यांना मेथी-ओव्याचा वास लागला. ती धुऊन दोरीवर घातली, आणि नेमकं त्याच दिवशी मेंढवाड्याचं फाटक कोणी नीट लावलं नव्हतं.

धाकटी लेकीला न्हाऊ घालत होती. बाहेर कसलातरी गलका झाला म्हणून साबणाच्या हाताने धावत आली, तर अंगणात बारा मेंढ्या. दोरीवरची दुपटी अशी खेचली जात होती की जणू तिथे सेल लागला आहे. एका मेंढीच्या शिंगात झबलं, दुसरीच्या तोंडात टोपडं, आणि लंगडी नावाची आबांची लाडकी मेंढी अख्खं दुपटं निम्मं गिळून उरलेल्या निम्म्याचा विचार करत उभी.

"सोड! अगं सोड, ते कापूस आहे, कापूस!" धाकटीने एक टोक धरलं. लंगडीने दुसरं सोडलं नाही. इकडून सून आणि तिकडून मेंढी, मध्ये बदकांच्या चित्रांचं दुपटं. सासूबाई दारात आल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट बोलल्या, "हेही मीच खाल्लं का गं?"

दुपटं सुटलं ते टर्रकन फाटूनच. धाकटी धपकन खाली बसली. आतून उघडी लेक आनंदाने ओरडत होती.

तेव्हाही तिने एक गोष्ट पाहिली होती, पण समजली नव्हती. दुपट्यांवर आधी तुटून पडल्या त्या तांबड्या पट्ट्याच्या मेंढ्या. ज्यांनी तो वास कधी घ्यायलाच नको होता, त्या. निळ्या बिचाऱ्या मागे रांगेत उभ्या होत्या. 'उपाशी आहेत तांबड्या, दुसरं काय,' असं म्हणून धाकटी हळहळली आणि त्या संध्याकाळी तिने लंगडीच्या पाठीवरून जरा जास्तच हात फिरवला.

चाळिसावा दिवस उजाडला. डॉक्टरबाई वही घेऊन आल्या, आबा इस्त्रीच्या सदऱ्यात, सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून, नवरा काट्याजवळ. त्या दिवशी त्याने चष्मा काढला होता, काटा वाचायचा म्हणून नाइलाजाने. कळपातल्या मेंढ्या महिन्याभरात विणार होत्या. पुन्हा चाळीस दिवस मोजायला आता सवड नव्हती. जे व्हायचं ते आजच.

निळ्या एकेक करून पिंजऱ्यात गेल्या. प्रत्येकीचं वजन वाढलेलं. धाकटी ओठातल्या ओठात बेरीज करत होती. "सहांची मिळून वाढ," डॉक्टरबाईंनी जाहीर केलं, "सतरा किलो. छान! फारच छान."

धाकटीने लेकीचा मुका घेतला. एवढ्या वाळल्या दिवसांत सतरा किलो! तिला किल्ली आपल्या गळ्यात दिसू लागली.

मग तांबड्या गेल्या. पहिली वाढलेली. दुसरीही वाढलेली. लंगडी पिंजऱ्यात शिरताना पिंजरा करकरला. नवऱ्याने काटा वाचला, डोळे चोळले, पुन्हा वाचला.

"तीन किलो सहाशे. जास्त."

"बेरीज?" धाकटीने विचारलं.

डॉक्टरबाईंनी पेन दोनदा फिरवलं. "सतरा किलो दोनशे."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आबा मात्र सदऱ्याची कॉलर ताठ करत होते.

"पुन्हा करा वजन," धाकटी म्हणाली.

"सूनबाई..."

"बाराही. पुन्हा."

पुन्हा बाराही झाल्या. उत्तर तेच. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने ओव्याच्या नावावर घातलं, पण लेकीला घेतलेला हात घट्ट झाला. सात कोकरं गेली होती. या वेळी किती?

डॉक्टरबाईंनी वही मिटली आणि मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. आकडे स्वच्छ सांगताहेत. चूर्णाने काही फरक पडला नाही. नुसत्या वाळल्या चाऱ्यावरसुद्धा मेंढ्या तेवढ्याच वाढल्या."

"काय म्हणालात?" आबांची कॉलर खाली आली.

"वाळल्या चाऱ्यावर..."

"अहो डॉक्टरबाई, शिकलेल्या ना तुम्ही? वाळल्या चाऱ्यावर मेंढी वाढते? चाळीस वर्षं मेंढ्या राखल्या मी, वाळल्या चाऱ्यावर छटाकभर वाढलेली एक दाखवा मला!"

"पण या वाढल्यात की, आबा. तुमच्याच आहेत."

"वाढणारच! ही लंगडी पाहा. उन्हाळ्यात दरवर्षी हिची हाडं मोजून घ्यावीत. आणि आज? अशी हवा खाऊन होते का कोणी?"

"मग कशाने झाली?"

"कशाने म्हणजे? चूर्णाने! रोज माझ्या या हाताने, चिमटी चिमटी..."

आबा थांबले. पण वाक्य पुढे निघून गेलं होतं. धाकटीने आबांकडे पाहिलं, मग लंगडीकडे. तेवढ्यात पिंजऱ्याचं मागचं दार उघडं बघून लंगडी बाहेर आली, सरळ आबांकडे गेली आणि त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात तोंड घातलं. बाकी पाच मागोमाग. खिशातून पिवळट पूड अंगणभर सांडली.

"आबा!" धाकटी ओरडली. "चोर तुम्ही?"

"चोर कोणाला म्हणतेस? कंट्रोल आहे मी! काय खायला घालताय ते कंट्रोलने चाखून बघायला नको? पहिल्या दिवशी चाखलं. संध्याकाळी भूक लागली. अशी भूक, पोरी, किती वर्षांनी लागली म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. तर या सहाजणी समोर उभ्या, टुकूटुकू तोंडाकडे बघताहेत. आपण चघळायचं आणि लेकरांनी बघत बसायचं? मला नाही जमत असला दुजाभाव."

"अहो आबा, दुजाभाव करायचा म्हणूनच तर दोन गट केले होते!"

"कुंपणानेच शेत खाल्लं," डॉक्टरबाई पुटपुटल्या.

धाकटीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. लेकीला नवऱ्याच्या हातात दिलं, पदर खोचला आणि आबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आबा, पैज कशावर होती?"

"तुझ्या जास्त वाढल्या तर. नाही वाढल्या. दोनशे ग्रॅमने माझ्या जास्त आहेत."

"ते वजन झालं. पैज कशावर होती? मसाले खाऊन मेंढी वाढत नाही, असं कोण म्हणालं होतं?"

आबांनी लंगडीचं तोंड खिशातून बाजूला केलं.

"वाढते की नाही?"

"वाढते."

"मोठ्याने म्हणा. न्हाव्यापर्यंत ऐकू जाऊ दे."

"वाढते गं बाई, वाढते! काय आता दारावर लिहून देऊ?"

"लिहू नका. किल्ली द्या."

आबांचा हात गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. चाळीस वर्षांचा दोरा होता तो. लंगडी अजून त्यांचा खिसा चाटत होती. त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला. आत काहीतरी हललं असावं, कारण आबांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी दोरा डोक्यावरून काढला, तो कानाला अडकला, चष्म्याला अडकला, आणि शेवटी एकदाचा हातात आला.

"हरलो म्हणून देत नाहीये," ते घसा खाकरून म्हणाले. "कंट्रोल म्हणून हुकूम सोडतोय. कोकरं मोठी होईपर्यंत चाराखोली सूनबाईकडे. एकही कोकरू जाता कामा नये."

"नाही जाणार," धाकटी म्हणाली आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. मग जरा अडखळून पुढे म्हणाली, "आबा, थोडी चूक माझीही आहे. कंट्रोलचा अर्थ मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. मी सांगितला नाही."

"अर्थ? त्याला आणखी कसला अर्थ?"

डॉक्टरबाईंनी सुस्कारा सोडला. "आबा, कंट्रोल म्हणजे ज्याला काहीच द्यायचं नाही तो. त्याला नुसतं बाजूला उभं करायचं आणि बाकीच्यांना काय काय मिळालं ते त्याच्याशी ताडून बघायचं."

आबा दारावरची खडूची ओळ तिसऱ्यांदा वाचायला वळले. चौकटीला टेकलेल्या सासूबाई मात्र पहिल्यांदाच सरळ उभ्या राहिल्या.

"असं होय?" त्या म्हणाल्या. "मग कंट्रोल मी आहे. लग्न झाल्यापासून."

नवऱ्याने लेकीसकट मागे वळून काळा चष्मा शोधायला सुरुवात केली.

"नाही, आई खरंच..." डॉक्टरबाई उत्साहाने वही उघडू लागल्या. "सूनबाईंच्या तोंडात कुटताना गेलं असणार, तुमच्या मुलाला शिंका येताहेत म्हणजे नाकात तरी गेलंच; या घरात ज्यांच्या अंगात चूर्ण अजिबात गेलं नाही, अशा तुम्ही एकट्याच उरलात! निदान टीप म्हणून मला लिहिता येईल..."

"लिहा ना. बारा मेंढ्यांनी खाल्लं, यांनी खाल्लं, मला मिळाला तो आळ."

धाकटी पुढे काही ऐकायला थांबली नाही. ती चाराखोलीशी गेली, नवी मिळालेली किल्ली कुलुपात फिरवली आणि सकाळी भरडा काढताना आतल्या गोणीपाशी ठेवलेला आजचा चूर्णाचा वाडगा घेऊन आली. सासूबाईंसमोर उभं राहून तिने त्यांचा तळहात आपल्या हातात घेतला, उघडला आणि त्यावर चांगली भरघोस चिमूट ठेवली.

"आई, चुकले मी."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, चूर्णाकडे पाहिलं आणि तळहात तोंडाशी नेला. सावकाश चघळलं.

"सुंठ जास्त झालीये," त्या म्हणाल्या. "उद्यापासून माझ्यादेखत कूट."

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"गेला," त्या म्हणाल्या. "शेवटचा कंट्रोलही गेला."